न दिलेले

ब्रिटनमध्ये निवृत्त माणसाच्या पेन्शनमधून किती कर कापायचा, हे काही आकडे आणि एखाददुसरे अक्षर ठरवते. त्याला तिथे टॅक्स कोड म्हणतात. 1257एल हा कोड असेल तर वर्षाला 12,570 पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त. बीआर असेल तर पहिल्या पौंडापासून 20 टक्के. गुंतागुंत सुरू होते ती सरकारी स्टेट पेन्शनमुळे. ती करपात्र असते, पण हातात पडते तेव्हा तिच्यातून काहीच कापलेले नसते. तिच्यावरचा कर जुन्या नोकरीच्या किंवा खासगी पेन्शनमधून वळता करून घ्यायचा असतो, म्हणून त्या दुसऱ्या पेन्शनचा कोड तेवढा खाली आणावा लागतो. 2025-26 या करवर्षात पूर्ण नवी स्टेट पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड, म्हणजे वर्षाला 11,973 पौंड होती. करमुक्त मर्यादेतले उरले जेमतेम 597. इंग्लंडमधल्या एखाद्याला याखेरीज वर्षाला 6,000 पौंडांची खासगी पेन्शन मिळत असेल, तर त्याचा खरा कर 1,080 पौंडांच्या आसपास येतो. कोड चुकून 1257एलच राहिला तर त्याचा एक पेनीही कर कापला जाणार नाही. चुकून बीआर लागला तर 1,200 पौंड कापले जातील. दोन्ही वेळा त्या माणसाने काहीच केलेले नसते. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून जाऊन तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आयुष्य घालवलेले मराठी डॉक्टरही आज याच आकड्यांच्या हिशेबात आहेत.

हा प्रश्न हिशेबनिसावर सोपवून मोकळे होता येते, पण त्याच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. जी चूक मी केली नाही, तिच्यामुळे माझ्याकडे राहिलेल्या पैशाबाबत मला काही कर्तव्य आहे का? बहुतेकांचे पहिले उत्तर ‘नाही’ असे येते, आणि त्यामागचा तर्क असा की दोष नाही तिथे देणेही नाही. मला हा तर्क मुळातच चुकलेला वाटतो. दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या परंपरेने त्या फार पूर्वी वेगळ्या केल्या. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच अंगावर येणाऱ्या तीन ऋणांची कल्पना आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. जन्माला येण्यात कोणाचा अपराध असतो? तरीही देणे असते. त्या कल्पनेतला यज्ञविधी आज मानायचा की नाही हा वेगळा विषय. पण ऋण अंगावर यायला आधी गुन्हा घडावा लागत नाही, ही तिच्यातली जाण पक्की आहे. कोड चुकलेल्या पेन्शनरला चोर म्हणणे अन्यायाचे आहे. तो देणेकरी आहे, एवढेच म्हणणे बरोबर आहे, आणि असे म्हटल्याने त्याची मान खाली जात नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे. त्याने घेतले काहीच नाही, त्याच्याकडे नुसते राहिले. मग चोरीच्या जवळपास जाणारा कुठलाही शब्द इथे कसा लागू पडेल? बौद्धांच्या पंचशीलातले दुसरे शील आणि जैनांचे अस्तेय व्रत इथे उपयोगी पडते. दोन्हीकडे नेमका शब्द अदत्तादानाचा आहे: जे दिलेले नाही ते घेणे. कसोटी दुसऱ्याच्या देण्यावर ठेवलेली आहे, आणि देणे म्हटले की देणाऱ्याची इच्छा आली. दुकानदाराने हिशेब चुकून शंभर रुपये जास्त परत केले तर ते त्याने दिले असे कोणी म्हणत नाही. तसेच कोडच्या चुकीने राहिलेले 1,080 पौंड राज्याने त्या माणसाला दिलेले नसतात. चूक कळेपर्यंत ते त्याच्याकडे नुसते पडून असतात. चूक कळल्यावर तो गप्प बसला की त्या क्षणापासून ते घेतलेले होतात. माझ्या मते कर्तव्य सुरू होते ते इथे, कळण्याच्या क्षणी. ‘पैसे मुळात माझेच, राज्यच ते घेऊ पाहते’ असे म्हणणारा पेन्शनर 12,570 ची सूट मात्र त्याच कायद्याकडून आनंदाने घेतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता हीच कसोटी राज्याला लावली पाहिजे, आणि इथे मला जास्त तीव्रपणे बोलावेसे वाटते. कौटिल्याने अर्थशास्त्रात महसूल अधिकाऱ्यांबद्दल लिहिताना, उत्पन्न घटवणारा राजाचे धन खातो आणि उत्पन्न दुप्पट करून दाखवणारा जनपद खातो, असे दोन्ही दोष शेजारी-शेजारी मांडले. जास्त वसुली त्याला कर्तबगारी वाटली नाही. ब्रिटनमध्ये पेन्शनच्या निधीतून पहिल्यांदा मोठी रक्कम काढणाऱ्याला बहुधा तात्पुरता कोड लागतो, आणि तो कोड असे गृहीत धरतो की एवढीच रक्कम दरमहा येणार आहे. दुसरे उत्पन्न नसलेल्या माणसाने 20,000 पौंड काढले, त्यातला चौथा हिस्सा करमुक्त धरला, तर उरलेल्या 15,000 वर त्याचा वर्षाचा खरा कर 486 पौंड. पण या कोडने कापले जातात 5,100 च्या वर. परत मिळतात, हे खरे. अर्ज केला तर लवकर, नाहीतर उशिरा. पण मधल्या काळात ते पैसे राज्याने न दिलेले घेतलेलेच असतात. 2010 मध्ये तिथल्या कर खात्याची नवी संगणक प्रणाली जुने हिशेब जुळवू लागली, तेव्हा आधीच्या दोन वर्षांत सुमारे 43 लाख लोकांनी जास्त आणि 14 लाख लोकांनी कमी कर भरल्याचे निघाले. मागणीची पत्रे ज्यांच्या दारात पडली, त्यांतल्या अनेकांना आपला कोड म्हणजे काय हेच तोवर ठाऊक नव्हते.

म्हणून दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दोघांनाही एकच नियम लावणे हाच अन्याय नाही का? एकीकडे संगणक, नोंदी, कायदेतज्ज्ञ. दुसरीकडे ऐंशीची, नजर अंधुक झालेली बाई. आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघते ते इतकेच की चूक शोधण्याचा भार सारखा वाटता येत नाही. ऋण मात्र दोघांचेही राहते. हा भार कसा वाटायचा याचा विचार याज्ञवल्क्य स्मृतीत सापडतो. (जन्मावरून माणसाचे माप बदलणारा ग्रंथ आहे तो, त्याला प्रमाण मानून नव्हे, विचाराचा एक साक्षीदार म्हणून मी त्याच्याकडे जातो.) आपली जमीन दुसरा उपभोगतो आहे हे पाहूनही वीस वर्षे गप्प बसणाऱ्याची हानी होते, इतर धनाबाबत दहा वर्षांनी, असे तिथे सांगितले आहे, आणि लगेच अपवादांत बालकाचे व जडबुद्धीच्या माणसाचे धन घातले आहे. ज्याला पाहता-बोलता येत नाही, त्याच्या मौनाला संमती समजायची नाही. या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वर याहून पुढे जातो: गप्प बसणाऱ्याचा तोटा होतो तो फळाचा, मालकीचा नाही. काळ गेला म्हणून हक्क मरत नाही, ही भूमिका मला फार मोलाची वाटते.

ब्रिटिश कर खात्याच्या दोन सवलतींत हीच दोन टोके दिसतात. ए-19 या सवलतीनुसार, खात्याला माहिती वेळेवर मिळाली होती, खात्यानेच ती वापरली नाही आणि माणसाला आपला हिशेब बरोबर आहे असे वाजवीपणे वाटत होते, तर थकलेला कर सोडता येतो. ऋण दोषावर अवलंबून नसेल तर ही माफी कशी बसते? बसते ती यामुळे, की पाहून गप्प बसलेला इथे धनको आहे, आणि त्याच्या मौनावर विसंबून दुसऱ्याने आपले मोजके पैसे खर्चून टाकले आहेत. उलट दिशेला, जादा भरलेला कर मागण्याची मुदत करवर्ष संपल्यापासून चार वर्षांची. चूक सरकारचीच असेल आणि वस्तुस्थितीबद्दल वाद नसेल तर बी-41 ही सवलत त्यापलीकडेही परतावा देऊ शकते. माझी तक्रार तिच्या नावाशीच आहे. माणसाचे स्वतःचे पैसे परत करणे याला सवलत कसे म्हणायचे? ज्या म्हाताऱ्याला चूक दिसण्याची शक्यताच नव्हती, त्याच्यावर चार वर्षांचे घड्याळ चालू नये, आणि तसा कायद्यात लिहिलेला हक्क असावा. पेन्शनरच्या वाट्याला याच्या मानाने थोडेच येते: 6 एप्रिलला नवे करवर्ष सुरू होण्याआधी कोडची सूचना येते, तिच्यात स्टेट पेन्शनचा आकडा लिहिलेला असतो, तो आपल्या आठवड्याच्या रकमेला 52 ने गुणून ताडायचा, आणि जुळला नाही तर, चूक आपल्या फायद्याची असली तरी, फोन करायचा.