चिठ्ठी प्रामाणिक असते, जमीन नसते

धानाची मळणी उरकली की भंडारा-गोंदियाकडे शंकरपटाचे दिवस येतात. सौंदड, सडक अर्जुनी, साकोली या भागात पट म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: बैलजोडी, हलका छकडा, त्यावर धुरकरी, आणि शेजारी-शेजारी दोन पट्ट्या. दिवसा पट, रात्री नाटक. जोडी सुटली की काही सेकंदांत निकाल.

आता समजा, दोनपैकी एक पट्टी बांधीच्या सखल बाजूने गेली आहे. तिथली माती अजून ओलसर आहे, खूर रुततात. त्या पट्टीवर कुणी धावायचं? सगळ्यांना मान्य होईल असा उपाय एकच: चिठ्ठी टाका. चिठ्ठी निघाली की वाद मिटतो. पण वाद मिटला म्हणजे न्याय झाला का?

घोड्यांच्या शर्यतीत हा प्रश्न फार जुना आहे. तिथे कोणता घोडा कितव्या कप्प्यातून सुटणार हे सोडतीने ठरतं. इंग्लंडमधल्या चेस्टरला १५३९ पासून शर्यती होतात. मैदान लहान, जवळजवळ गोल. तिथल्या पाच फर्लांगांच्या, म्हणजे सुमारे हजार मीटरच्या शर्यतीत आतल्या कठड्याजवळचा कप्पा मिळणं हा मोठा फायदा मानला जातो. कारण साधं भूमितीचं आहे. अर्धवर्तुळाच्या वळणावर तुम्ही जितके मीटर बाहेरून धावाल, त्याच्या तिपटीहून थोडं जास्त अंतर तुम्हाला कापावं लागतं. आठ मीटर बाहेरून पूर्ण वळण घेतलं तर जवळपास पंचवीस मीटर जादा, म्हणजे सुमारे दहा घोड्यांची लांबी. लांब शर्यतीत बाहेरच्या घोड्याला आत सरकायला वेळ मिळतो. छोट्या शर्यतीत तो मिळेपर्यंत शर्यतच संपत येते.

कप्पा सगळं ठरवत नाही. चांगला कप्पा मिळूनही उशिरा सुटलेला घोडा हरतो आणि बाहेरून आलेला कधीकधी जिंकतो. म्हणून हरणाऱ्याने सगळा दोष कप्प्याला देणं खोटं. आणि जिंकणाऱ्याने सगळं श्रेय स्वतःला घेणं? तेही तितकंच खोटं.

सोडत नेमकं काय देते? वाईट जागा मिळण्याची शक्यता ती सगळ्यांना सारखी वाटते. सरपंचाचा पाहुणा असो की मजूर, तिथे ओळख चालत नाही. ही छोटी गोष्ट नाही. पण सोडत वाईट जागेला चांगलं करत नाही. ओली पट्टी चिठ्ठीआधी ओली होती आणि चिठ्ठीनंतरही ओलीच राहते.

म्हणून चिठ्ठी टाकण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा फरक मिटवता येतो का? ४०० मीटरच्या धावण्यात बाहेरच्या धावपटूला पुढून सोडतात, कारण जादा अंतर मोजता येतं. कबड्डीत मध्यंतरानंतर बाजू बदलतात. जुन्नर-खेडच्या घाटात बैलगाडे एकामागून एक त्याच घाटावरून धावतात आणि सेकंद मोजले जातात. पट्टीचा प्रश्नच संपला! पण मग आधी कोण, नंतर कोण हा प्रश्न उरतो. सकाळची माती आणि दुपारची माती एक नसते. जागेचं नशीब काढलं, तर वेळेचं नशीब मागच्या दाराने आत येतं.

मोबाइलवर हॉलतिकीट डाउनलोड केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात ५७ सत्रांत झाली. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तुमचं सत्र म्हणजे तुमचा कप्पा. फरक भरून काढायला गुणांचं सामान्यीकरण केलं, आणि काहींना २०० पैकी २०० पेक्षा जास्त गुण दिसले. लोक चिडले. त्या आकड्यावर हसणं सोपं होतं, पण त्यामागचा हेतू, बाहेरच्या धावपटूला पुढून सोडण्याचा, चुकीचा नव्हता. चूक वाटली ती वेगळी: मैदानात पुढे सरकवलेली रेघ सगळ्यांना दिसते, सूत्र मात्र बहुतेकांना दिसलं नाही. भरपाई समजली नाही, तर तीही नशिबासारखीच वाटते.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये लिहिलं की जन्माने मिळणारी परिस्थिती आणि अंगची गुणवत्ता हीदेखील एक सोडतच आहे. ती न्याय्यही नाही, अन्याय्यही नाही. न्याय-अन्याय ठरतो तो आपण तिचं पुढे काय करतो यावरून. पटाच्या भाषेत सांगायचं तर पट्टी ओली असणं हा कुणाचा गुन्हा नाही. ती कोरडी करता येत असताना, किंवा बाजू बदलून दुसरी फेरी घेता येत असताना, नुसती चिठ्ठी पुढे करणं हा मात्र आहे. जिथे काहीच करता येत नाही, तिथे चिठ्ठीच बरी. निदान ती तोंड पाहून निघत नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘त्याचं नशीब, दुसरं काय’, तर एवढंच विचारा: पट्टी कुणी आखली होती?