पत्रिका छापावी की मोबाईलवर पाठवावी?



आपली रविवारची पत्रिका यापुढे छापायची कशाला, असा प्रश्न हल्ली अनेक जण विचारतात. मोबाईलवर पाठवली तर कागद वाचेल, पैसे वाचतील आणि मिस्सा संपल्यावर बाकांवर पडलेल्या प्रती गोळा करण्याचा त्रासही वाचेल. प्रश्न रास्त आहे. छपाई महाग झाली आहे हे कोणीही मान्य करील. पण ह्या जमाखर्चाच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला आहे. वाचन ही कोणाची मालमत्ता? माझ्या एकट्याची की घरातल्या, गावातल्या सगळ्यांची?

ख्रिस्ती माणूस नव्या साधनाला बिचकणारा नाही, हे आधी सांगायला हवे. प्रभू येशूच्या काळी शास्त्रलेख गुंडाळीवर लिहिलेले असत. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ग्रीक आणि रोमन विद्वान आपले ग्रंथ अजून गुंडाळीवरच लिहीत होते, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी शिवलेल्या पानांचे पुस्तक आपलेसे केले होते. पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिता येई, हवा तो उतारा चटकन सापडे आणि प्रवासात नेणेही सोपे जाई. गंमत अशी, की मोबाईलवर अंगठ्याने मजकूर वर सरकवताना आपण पुन्हा त्या गुंडाळीकडेच निघालो आहोत. पुस्तकात एखादे वचन 'डाव्या पानावर, खाली' असे डोळ्यांना आठवते. सरकत्या मजकुराला डावे-उजवे नसते.

नव्या साधनाविरुद्ध तक्रार करणारेही आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. जर्मनीतील स्पोनहाइमच्या बेनेडिक्टाईन मठाचे मठाधिपती योहानेस ट्रिथेमिउस यांनी १४९२ साली हाताने ग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकांच्या स्तुतीपर एक पुस्तक लिहिले. गुटेनबर्गने बायबल छापून तेव्हा पस्तीस-चाळीस वर्षेच झाली होती. चामड्यावर लिहिलेले हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले फार तर दोनशे वर्षे, असा त्यांचा दावा होता. आणि हे पुस्तक त्यांनी १४९४ साली चक्क छापूनच घेतले! ह्यावर हसू येणे साहजिक आहे. कागदाविषयी त्यांचा अंदाज चुकलाही, कारण गुटेनबर्गच्या बायबलच्या कागदी प्रती आजही चांगल्या अवस्थेत आहेत. पण त्यांचे आणखी एक म्हणणे होते. शास्त्रलेख हाताने उतरवणारा मठवासी प्रत्येक शब्दापाशी थांबतो आणि तो शब्द त्याच्या मनात उतरतो. ह्या म्हणण्यावर मात्र मला हसू येत नाही.

टिकण्याचा विचार निघाला की आपल्या भाषेतला एक मोठा दाखला समोर येतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते, पण ते साधले नाही आणि मराठी ओव्या रोमी लिपीत छापाव्या लागल्या. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. ह्या तीनही आवृत्त्यांतील एकसुद्धा छापील प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही. छापखाना, कागद, शाई, सारे काही असूनही छापलेले नाहीसे झाले.

मग ग्रंथ वाचला कसा? भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला म्हणून. त्याच्या ओव्या मोठ्याने म्हटल्या जात, ऐकणारे ऐकत, आणि ज्याला जमेल तो पुढच्यांसाठी नवी प्रत तयार करी. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालदान्हा यांनी तो पुन्हा छापला. उतरवून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. अकरा हजार ओव्या बोरूने लिहायच्या म्हणजे किती रात्री दिव्यापाशी बसावे लागले असेल! मजकूर दुसऱ्याच्या हाती जावा म्हणून कोणीतरी कष्ट घेतले, तेवढ्यानेच तो तगला.

कागद आणि पडदा यांची तुलना मला ह्या ठिकाणी करावीशी वाटते. छापलेली पत्रिका घरात टेबलावर पडते. आजोबा मृतांची नावे पाहतात, आई लग्नाच्या घोषणा वाचते, आलेला पाहुणा सहज चाळतो, शाळेतला मुलगा कोपऱ्यात चित्र काढतो. पुढच्या आठवड्यात तीच प्रत सुके बोंबील बांधायला जाते ते वेगळे! मोबाईल मात्र एकट्याचा असतो. त्याला कुलूप असते. एकाच घरातल्या चार जणांना तोच मजकूर चार मोबाईलवर येतो आणि चौघेही तो कोणीतरी वाचला असेल असे धरून चालतात.

शिवाय तो मजकूर एकटा येत नाही. स्तोत्र वाचत असताना वरून केटररचा निरोप उतरतो, मग क्रिकेटचा स्कोअर, मग आणखी काही. २०१२ साली न्यूझीलंडच्या बिशपांनी पत्र काढून मिस्सेत आयपॅडवरून प्रार्थना म्हणू नये असे सांगितले. तयारीसाठी आणि अभ्यासासाठी त्यांची हरकत नव्हती. ज्या यंत्रावर खेळ, व्हिडिओ आणि टपाल सारेच चालते ते वेदीवर नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अभ्यासकांचा अनुभवही काहीसा असाच आहे. २०१८ साली ५४ अभ्यासांचा, म्हणजे १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा, एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळ कमी असताना, असे त्यात दिसले. गोष्टींच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही.

पण म्हणून मोबाईलला नावे ठेवून मोकळे होणे मला पटत नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. छापील पत्रिकेने ही सोय कधी केली नाही. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाला आपल्या गावात कोण वारले हे त्याच दिवशी कळते. त्याच्यासाठी पडदा हाच एक धागा आहे. तो तोडून 'आम्ही कागदाशी एकनिष्ठ' म्हणणे हाही एक प्रकारचा स्वार्थच झाला.

नाझरेथच्या सभास्थानातला एक बारीकसा तपशील लूकने नोंदवला आहे. येशूने यशयाची गुंडाळी वाचली आणि ती परत सेवकाच्या हाती दिली. गुंडाळी सगळ्या गावाची होती, पुढच्या शब्बाथला आणखी कोणीतरी ती उलगडणार होता. उजेड कशावरून येतो, कागदावरून की काचेतून, ह्यापेक्षा वाचून झाल्यावर मी ती कोणाच्या हाती देतो हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तेव्हा माझे मत असे. छपाई बंद करू नये, कमी करावी. माणशी एक प्रत उचलण्याऐवजी घरटी एक न्यावी. गावाबाहेर असलेल्यांना मोबाईलवर पाठवणे चालू ठेवावे. थोड्या प्रती मोठ्या अक्षरात काढाव्यात. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्यांनी त्यातली एक सोबत न्यावी, ती उशाशी ठेवून न निघता पाच-दहा मिनिटे बसून वाचून दाखवावी. सुरुवात शेवटच्या पानापासून केली तरी चालेल. तिथे मृतांची नावे असतात, आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस सर्वांत आधी तेच विचारते.