विमानाने एक तास

अलास्कातील नोम आणि रशियाच्या चुकोत्का प्रदेशातील प्रोविदेनिया या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 375 किलोमीटर आहे. लहान विमानालाही तास, फार तर दीड तास पुरावा. हिशेब चोख आहे. मात्र आज या दोन गावांमध्ये नियमित विमानसेवाच नाही. नोमच्या माणसाला रीतसर तिकिटे काढून पलीकडे जायचे तर आधी अँकोरेज, पुढे अमेरिकेतले एखादे मोठे शहर, मग इस्तंबूलसारखा तिसऱ्या देशातला थांबा, मॉस्को, तिथून आठ-नऊ तासांवरचे अनादिर आणि हवामानाने साथ दिली तर प्रोविदेनिया. व्हिसा आणि सीमाक्षेत्राचा परवाना वेगळाच. एक सामुद्रधुनी ओलांडण्यासाठी पृथ्वीला जवळजवळ प्रदक्षिणा!

मग ‘एक तास’ हे उत्तर खरे की खोटे? ते विमानापुरते खरे आहे, प्रवाशापुरते नाही. आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, त्या मापात हाक मारणारा असतो आणि पलीकडे ओ देणाराही धरलेला असतो. किलोमीटरच्या मापात कोणीच नसते. म्हणून असा आकडा निरर्थक ठरवून सोडून द्यावा, असे एखाद्याला वाटेल. मला तो जपून ठेवावासा वाटतो. समुद्र, बर्फ, धुके यांच्या नावावर त्या तासाखेरीज फार तर दोन-चार दिवसांचा खोळंबा मांडता येईल. बाकीचे अंतर माणसांनी घातलेले आहे. ‘दुर्गम’ हा शब्द मात्र सगळेच निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

1867 मध्ये रशियाने अलास्का विकले, तेव्हा सीमा दोन डायोमिड बेटांच्या मधून गेली. मधले पाणी चारेक किलोमीटरचे. तरीही पुढे कितीतरी वर्षे इथल्या मूळ रहिवाशांची ये-जा चालूच राहिली. अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावरचे युपिक आणि चुकोत्कातले युपिक यांची भाषा एक, नातीगोती एक. 1948 मध्ये, शीतयुद्धाच्या दिवसांत, ही वाट बंद झाली. रशियाकडच्या मोठ्या डायोमिडवरची वस्तीही हलवण्यात आली. पाणी होते तेवढेच राहिले; 1987 मध्ये लिन कॉक्स या अमेरिकी जलतरणपटूने ते सुमारे दोन तासांत पोहून पार केले.

राज्यसंस्थेला सीमा बंद करण्याचा अधिकार नसावा, इतके भाबडे म्हणणे माझे नाही. पण बंद केली तर ‘आम्ही बंद केली’ असे म्हणावे. ‘ते फार लांब आहे’ असे लोकांना म्हणायला लावू नये. दोन पिढ्यांनंतर मुलांना तेच खरे वाटू लागते, आणि मग परवानगी मागायचेही कोणाला सुचत नाही.

13 जून 1988 रोजी नोमहून निघालेले एक विमान प्रोविदेनियाला उतरले. त्यात युपिक प्रवासीही होते. चाळीस वर्षे तुटलेले नातलग त्या धावपट्टीच्या गावात भेटले. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा लागत असल्याने सोमवारी निघालेली माणसे तिथे मंगळवारी पोहोचली. हवेतला प्रवास तासाभराचाच होता.