गाऱ्हाणे

देवापुढे रडावे की रडू नये, हा प्रश्न पुष्कळांनी मनात दाबून ठेवलेला असतो. घरातले माणूस गेले की समाचाराला आलेले सांगतात, ‘प्रारब्ध आहे, भोगूनच संपवावे. माळकऱ्याने डोळ्यांत पाणी आणू नये.’ प्रारब्धाचा सिद्धान्त खोटा नाही. पण ताज्या दुःखावर तो ऐकवणे म्हणजे भाजलेल्या हाताला अग्नीचे लक्षण समजावणे होय.

आपल्या संतांनी काय केले ते पाहा. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींनी समाधी घेतली. आत्म्याला मरण नाही, हे नामदेवरायांना का ठाऊक नव्हते? तरी समाधीच्या अभंगांत त्यांना शोक आवरत नाही. तुकोबारायांची थोरली पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढे दर्शनाच्या तळमळीत ते पांडुरंगाला इतके कठोर बोलले, की माझ्यापुरता तू उरलाच नाहीस, इथवर मजल गेली. जनाबाई तर उघड भांडत. ते अभंग गाथेतून कोणी गाळले नाहीत. करुणेचे अभंग आपण टाळ-मृदंगावर म्हणतो. पाठीमागे बोलणे ही निंदा. समोर उभे राहून बोललेले देवाला लागत नाही, कारण भांडण आपल्या माणसाशीच होते.

मात्र गाऱ्हाणे वेगळे, नवस वेगळा. ‘अमुक कर, चांदीचा मुकुट वाहीन,’ हा सौदा झाला. हल्ली देवळांत त्याचीच गर्दी फार, असो. गाऱ्हाणे करणाऱ्याच्या हाती द्यायला काहीच नसते.

आमच्याकडे एका बाईचा तरणा मुलगा गेला. तिने भजनाला येणे सोडले. म्हणाली, ‘महाराज, नाम घ्यायला जाते अन् तोंडात शिवी येते. अशा तोंडानं देवळात कशी येऊ?’

मी विचारले, ‘माय, शिवी कोणाला देतेस?’

‘त्यालाच की!’

‘मग त्याच्यासमोर येऊन दे. घरी दिलेली तुझी तुलाच ऐकू येते.’

एकादशीला ती आली. मागच्या खांबाला टेकून बसली, टाळी वाजवली नाही, हरिपाठभर रडली. तिला कोणी गप्प करू नये, असे मी विणेकऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. तिचा राग वर्षभर टिकला. त्या वर्षातली एकही एकादशी तिने चुकवली नाही.