नामविस्ताराचे प्रवेशद्वार आणि शाळेतला पाठ

समतेच्या लढ्याशी जोडलेली शिल्पे आणि वास्तू शाळेसाठी इतिहासाची साधने आहेत. वैजापूरच्या शाळांना त्यांवर आधारलेला पाठ रचायचा तर सर्वांत योग्य वास्तू जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रवेशद्वार. वैजापूरजवळच्या रोटेगाव स्थानकाहून रेल्वेने किंवा महामार्गाने एका दिवसात तिथे जाऊन परतता येते.

हे द्वार लढ्याचे स्मारक म्हणून बांधलेले नाही. तरीही दर १४ जानेवारीला, नामविस्तारदिनी, हजारो माणसे त्याच्यासमोर नतमस्तक होतात. वास्तूला हा अर्थ लोकांनी दिला. म्हणून शिक्षकाने आधी माहिती सांगू नये. द्वार नीट पाहू द्यावे, रेखाटू द्यावे आणि इथेच गर्दी का जमते, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा.

उत्तर शोधताना मागे जावे लागते. निजामी राजवटीत उच्च शिक्षणापासून दूर राहिलेल्या या भागात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला आणि पाठोपाठ मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून या नावाच्या मागणीसाठी लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ कायम ठेवून नामविस्तार झाला.

यातले काहीच द्वाराच्या आकारावरून कळत नाही. याउलट अमेरिकेतील माँटगोमेरी येथे माया लिन यांनी १९८९ साली घडवलेल्या नागरी हक्क स्मारकात काळ्या ग्रॅनाइटवर मृतांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांवरून पाणी वाहते. पाहणारा बोट ठेवून नाव वाचू शकतो. इथे ती उणीव शिक्षकाने जुन्या वृत्तपत्रांतून, विधिमंडळाच्या कामकाजातून आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून भरून काढायची आहे.

सर्वांत नाजूक काम त्यापुढचे. एकाच वर्गात ज्यांनी झळ सोसली त्यांची नातवंडे असू शकतात आणि ज्यांनी विरोध केला त्यांचीही. कोणत्याही मुलाला आपल्या जातीच्या वतीने बोलायला लावणे हा अन्याय आहे. तसेच वाद नको म्हणून जाळपोळ वगळून केवळ गौरव शिकवणे हीही इतिहासाशी प्रतारणाच. चर्चेला आधार द्यावा तो संविधानाचा: समानतेचा अनुच्छेद १४, भेदभावाला मनाई करणारा १५ आणि अस्पृश्यता नष्ट करणारा १७. नाव देण्याला इतका विरोध का झाला, हा प्रश्न या अनुच्छेदांसमोर ठेवला की चर्चा माणसांवरून हक्कांकडे वळते.

शेवटी प्रत्येक गटाने द्वाराजवळ लावण्याजोग्या फलकाचा पन्नास शब्दांचा मजकूर लिहावा. कोणती तारीख घ्यायची, कोणाचे नाव घालायचे, हिंसेचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा, यावर गटांत मतभेद होतील. ते मिटवण्याची घाई न करता सर्व मसुदे कारणांसह वर्गाच्या भिंतीवर लावावेत आणि मूल्यमापन त्या कारणांचे करावे.