शिष्यवृत्ती: दान की ऋण?

परदेशी शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती दान मानावी की ऋण? घेतलेले कोणाला आणि कसे फेडायचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मुंबईच्या उपनगरांत तो रोकड्या व्यवहाराच्या रूपात समोर येतो. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरात प्रवेशाचे पत्र आले की जुळवाजुळव सुरू होते: थोडी शुल्कमाफी विद्यापीठाकडून, थोडी रक्कम एखाद्या ट्रस्टकडून, बाकीचे बँकेचे कर्ज. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. मग राहता फ्लॅट गहाण पडतो आणि वडील सहकर्जदार म्हणून सही करतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, स्थळ, काळ आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. मोबदल्याच्या आशेने दिलेले दान राजस. या कसोटीवर अटी घालणारी प्रत्येक शिष्यवृत्ती राजस ठरेल. विद्येच्या बाबतीत मात्र परंपरेत दुसरा विचार आहे आणि तो अधिक खोल आहे. तैत्तिरीय संहितेत जन्माबरोबर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ऋषींना परत काही द्यायचे नसते. विद्या जिवंत ठेवली की ऋण उतरते. मूळ वचन ब्राह्मणापुरते आहे, ही त्याची मोठी उणीव. पण फेड देणाऱ्याकडे न जाता पुढच्याकडे जाते, ही कल्पना अटींचा न्याय करायला उपयोगी पडते.

सर्वांत जुनी अट धर्माची. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा उत्तराचा रोख ख्रिस्ती धर्माकडे होता. तो पत्रव्यवहार मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी धर्मांतराची अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी आसरा दिला. निघण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी जाहीर सांगितले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. पैशाच्या बदल्यात श्रद्धा मागणे म्हणजे माणसाचे अंतःकरण तारण ठेवून घेणे. अशी अट कोणत्याही हेतूने घातली तरी अन्याय्यच.

नोकरीची अट वेगळी. जून १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांची ही अट कागदावर रास्त होती. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यात रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. काही दिवसांतच त्यांना शहर सोडावे लागले. करार मोडला तो विद्यार्थ्याने नव्हे, जातीने. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्यांना त्या जुन्या वचनात जागाच नव्हती, त्यांच्यासाठी फेडलेले हे ऋषिऋण होते. बडोद्याच्या दहा वर्षांपेक्षा ती फेड कितीतरी मोठी.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उभारलेल्या निधीत हाच विचार हिशेबात उतरला. तिथे शिष्यवृत्ती कर्जाऊ मिळते आणि परत आलेला पैसा नव्या विद्यार्थ्याकडे जातो. घेणारा लाचार होत नाही, देणारा मालक होत नाही. पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

सरकारी शिष्यवृत्तीला मात्र दान किंवा ऋण, दोन्ही शब्द अपुरे पडतात. १९५४-५५ पासूनची केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जातींसाठी आहे आणि तिच्या १२५ जागा आहेत. राज्याची योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. घाटकोपरची विद्यार्थिनी वार्षिक आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला काढायला कुर्ला तालुक्याच्या तहसील कार्यालयात जाते, तेव्हा ती काही मागायला आलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला वाटा ती घेत असते. खिडकीपलीकडच्या माणसाने तिला उपकाराच्या सुरात बोलण्याचे कारण नाही.

उरते परतण्याची अट. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेच्या फुलब्राइटलाही तसेच बंधन आहे. विद्या इथे कामाला यावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि मुदत आधीच ठरलेली असल्याने ती जाचकही नाही. बँक असे काही मागत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो, विद्यार्थी कुठेही असो. ऋषिऋण टोरोंटोत शिकवूनही फिटेल. मुलुंडचा फ्लॅट सोडवायचा भार मात्र पितृऋणाकडे जातो, आणि ते ऋण परंपरेने पुढच्या पिढीच्या हवाली केलेले आहे.