अडीच इंच

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत एक आबा होते. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची जुनी इंग्लिश दुनळी बंदूक होती. काजूच्या बागेत माकडं उतरली की आबा आभाळाकडे एक बार काढत आणि पुढचे दोन-तीन दिवस शांतता असे. काडतुसं मात्र ते निवडून घेत. मनासारखी मिळाली नाहीत तर सावंतवाडीहून रिकाम्या हाताने परत येत. "अहो, बाराचंच आहे" म्हणून दुकानदार कितीही गळी पडला तरी उपयोग नसे. वाडीतले म्हणत, म्हातारा चेंगट आहे. आबांनी कारण कधी कुणाला सांगितलं नाही. जुन्या माणसांची ही खोडच. नियम घरादाराला पाळायला लावायचा आणि कारण आपल्याजवळ ठेवायचं.

आबा गेले. कागदपत्रांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्यावर बंदूक नातवाच्या नावावर चढली. त्या वर्षी भात पिकायला आलं आणि रानडुकरं शेतात शिरायला लागली. नातू दुकानात गेला. परवान्यावर '12 बोअर' लिहिलेलं, दुकानदाराने 12 बोअरची काडतुसं दिली, परवान्यावर नोंद केली, शिक्का मारला. घरी येऊन त्याने बंदूक उघडली, एक काडतूस नळीत सोडलं. ते अलगद आत जाऊन बसलं. बंदूक जोर न लावता मिटली. कागद हो म्हणाला, दुकानदार हो म्हणाला, आता नळीही हो म्हणाली.

आजी पडवीतून बघत होती. "रे झीला, ही काडतुसां आबांची न्हय."

"आजी, बारा म्हणजे बारा."

खरं तर बारा म्हणजे फक्त रुंदी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढी ती नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतूस जिथे बसतं ती खोली किती लांब आहे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. पण हे नातवाला कोण सांगणार? त्याने रात्री बार काढला. खांद्याला दणका जरा जास्त बसला. डुकरं पळाली. बाकी काहीच झालं नाही, आणि पुढे सगळा हंगाम काहीच झालं नाही. या 'काहीच झालं नाही'ने आजवर जेवढी माणसं फसवली असतील, तेवढी खोट्यानेही फसवली नसतील.

शिमग्याच्या सुमाराला बंदूक मिटल्यावर नळ्या सांध्यात हलायला लागल्या. बारीक खुळखुळ. नातू ती घेऊन कोल्हापूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रींनी नळ्या सोडवल्या, उताण्या केल्या आणि पोटाकडची सपाट बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसली. काजळीखालून अक्षरं वर आली. चौकटीत 12 आणि त्याखाली सी. शेजारी 2½ इंच. त्याच्या पलीकडे नायट्रो प्रूफ आणि 1⅛ औंस.

"हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे ठसे. 1813 सालापासून तिथे हेच चालतं. बंदूक विकायच्या आधी तिच्यात मुद्दाम जादा दाबाचं काडतूस उडवून बघायचं. टिकली तर ठसा. हा ठसा म्हणजे तिच्या ताकदीची हद्द. तुमच्या आजोबांना माहीत होती. तुम्ही काय घातलंत?"

नातवाने एक भरलेलं काडतूस आणि एक उडवलेलं टरफल पुढे केलं. मिस्त्रींनी व्हर्नियर त्याच्याच हातात दिला. "मोजा."

भरलेलं काडतूस अठ्ठावन्न मिलिमीटरच्या आसपास भरलं. उडवलेलं टरफल सत्तर.

"नळीतली खोली पासष्टची. अडीच इंचीला धंद्यात पासष्टच म्हणतात. आता बोला."

नातू दोन्ही आकड्यांकडे बघत राहिला. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं आणि सुखाने आत शिरतं. बार उडाला की दुमड उलगडते. उलगडायला जागा नसली की कवचाचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं. छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. प्रत्येक बाराला थोडा थोडा तो सांध्यावर येत होता.

"नशीब म्हणा, सांध्यानेच सोसलं," मिस्त्री म्हणाले आणि फळीवरून एक तुकडा काढून पुढे ठेवला. केळीचं साल सोलावं तशी फाटलेली नळी. कुणीतरी बाराच्या बंदुकीत चुकून वीस बोअरचं काडतूस टाकलं होतं. ते घसरत पुढे जाऊन अडकलं, नळी रिकामी वाटली, म्हणून मागे बाराचं भरलं. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली.

रायफलीत हा घोळ आणखी बारीक असतो. जर्मन सैन्याच्या 1888 सालच्या रायफलीला आठ मिलिमीटरची गोळी होती. 1903 मध्ये नवी टोकदार गोळी आली, तीही आठचीच म्हणवली जाई, पण होती सुमारे एक अष्टमांश मिलिमीटरने जाड. कवच तेच, त्यामुळे नवं काडतूस जुन्या रायफलीत बिनतक्रार बसे. ज्या रायफली नव्या गोळीसाठी सुधारून घेतल्या, त्यांच्यावर एस हे अक्षर ठोकलं गेलं. सैन्य तेवढ्या एका अक्षरावर विसंबत होतं.

मिस्त्री मात्र ठशावरही पूर्ण विसंबले नाहीत. मधल्या काळात कुणी खोली आतून वाढवलेली असू शकते. त्यांनी गेज घालून दोन्ही नळ्या मोजल्या. पासष्टच. मग सांधा दुरुस्तीला ठेवून घेतला आणि उरलेल्या काडतुसांचं काय करायचं ते दुकानदाराशी बोलून, परवान्यावर नोंद करूनच करा, असं बजावलं.

पुढच्या निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. नातू रांगेत उभा राहिला. हवालदार चिठ्ठी लिहीत होते.

"दुनळी, 12 बोअर. झालं."

"साहेब, अडीच इंच पण लिहा."

"ते कशात लिहू? रकाना नाही."

नातवाने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर मार्करने 'फक्त 65' लिहिलेलं होतं. तो त्याने चापाच्या कडीला सुतळीने बांधला.

मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याने वाकून वाचलं. "पासष्ट काय रे?"

"काडतुसाची लांबी."

"माझी पण बाराचीच आहे. माझ्यात किती?"

"नळीखाली लिहिलेलं असेल. ठाण्यातून परत मिळाली की मिस्त्रींकडून बघून घे. तोवर नवं काडतूस आणू नको."

"ओ, बोलत काय बसलात?" हवालदार ओरडले. "पुढचा!"